एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: प्रिंटर, जुनं लिनक्स आणि 'तीन तास'

नमस्कार सर,

सर्वप्रथम, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून दिलगीर आहे. दुसऱ्या दिवशी प्रिंटर बंद पडला ही गोष्ट खरी आहे आणि तुम्हाला सोसायटीच्या मीटिंगची नोटीस हाताने लिहून लावावी लागली याचं मला वाईट वाटलं.

('सर' लिहिलं खरं, पण घरी दोन तास मी तुम्हाला काका म्हणत होतो. तेच म्हणतो.)

काका, तुमचा रिव्ह्यू इथे पुन्हा मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांना कळेल मी कशाचं उत्तर देतोय. तुम्ही लिहिलंय: "साधा प्रिंटर जोडायला तीन तास लावले. 700 रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी बंद. फोन उचलत नाहीत. लिनक्स येत नसेल तर बोर्डावर कशाला लिहायचं? विंडोज टाका एवढंच सांगतात."

700 रुपये घेतले, बरोबर. 300 व्हिजिटचे, 400 कामाचे, आणि हे येण्याआधी फोनवर सांगितलं होतं. त्यावर माझं काही म्हणणं नाही. कोणाला जास्त वाटतात, कोणाला कमी.

पण तीन तास नव्हते, काका.

मी तुमच्या जेल रोडच्या घरी 11:20 ला पोचलो आणि 1:30 ला बाहेर पडलो. 1:32 ला दुकानातल्या मुलाला 'निघालो' असा मेसेज केलाय, तो अजून फोनमध्ये आहे. म्हणजे दोन तास दहा मिनिटं. नाशिकच्या शालिमारमधल्या दुकानातून निघाल्यापासून धरलं तर होतील तीन तास, पण द्वारकेचा सिग्नल आणि सिंहस्थाच्या कामांनी उखडलेले रस्ते माझ्या हातात नाहीत.

आता त्या दोन तास दहा मिनिटांत काय झालं ते सांगतो. तुम्ही शेजारी खुर्ची टाकून बसला होतात, तुम्हाला आठवेलच.

काम सुरू करायला पासवर्ड लागतो. लिनक्समध्ये (म्हणजे तुमच्या काँप्युटरवर विंडोजऐवजी असलेल्या सिस्टीममध्ये) नुसतं काँप्युटर वापरायचं असेल तर एक गोष्ट, पण नवीन प्रिंटर घालायचा किंवा काही इन्स्टॉल करायचं म्हटलं की सिस्टीम पासवर्ड मागते. तो तुमच्या चिरंजीवांनी बारा वर्षांपूर्वी परदेशी जाताना घातलेला, आणि तुम्हाला काँप्युटर चालू केल्यावर आपोआप आत जायची सवय. मी म्हणालो, काका, मशीन पुन्हा चालू करून रिकव्हरी मोडमधून पासवर्ड बदलून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. तुम्ही म्हणालात, "त्याला विचारल्याशिवाय नको." बरोबर आहे, मुलाचं मशीन आहे. पण तिकडे रात्र होती. मग कपाटातल्या तीन डायऱ्या निघाल्या. शेवटी पासवर्ड सापडला तो काकूंच्या डायरीत, गॅसच्या नंबराखाली. (पासवर्ड काय होता ते लिहीत नाही, पण काकूंनी त्यावर जे म्हटलं ते ऐकून मीही हसलो होतो.) यात चाळीस मिनिटं गेली. घड्याळ भिंतीवरच होतं.

पुढचा भाग जरा नीट सांगतो, कारण 'साधा प्रिंटर' हा शब्द मला लागला.

तुमचा प्रिंटर म्हणजे एचपीचा लेझरजेट 1020. मॉडेल वीस वर्षांपूर्वीचं, सोसायटीच्या ऑफिसातून तुमच्याकडे आलेला. मशीन चिवट आहे, आजही माझ्याकडे रिपेअरला येतं आणि नीट होऊन जातं. पण त्याची एक खोड आहे. त्याला चालवणारं फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्रॅम, त्याच्या पोटात कायमचं राहत नाही. प्रिंटर बंद केला की पुसलं जातं, आणि चालू केला की दर वेळी काँप्युटरने ते पुन्हा पाठवायचं असतं. विंडोजमध्ये हे ड्रायव्हरच (काँप्युटर आणि प्रिंटरला जोडणारं सॉफ्टवेअर) गुपचूप करतो. लिनक्समध्ये एचपीसाठी एचपीलिप नावाचं सॉफ्टवेअर आहे, आणि या मॉडेलला त्याच्याबरोबर एक वेगळं प्लगिन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, लागतं, ते उबुंटूबरोबर (तुमच्या मशीनवरच्या लिनक्सचं नाव) येत नाही.

प्लगिन नसलं तर काय होतं ते तुम्ही स्वतः पाहिलंत. प्रिंटर यादीत दिसला. नाव बरोबर आलं. टेस्ट पेज दिलं. काँप्युटर म्हणाला 'कम्प्लीटेड'. आणि प्रिंटर ढिम्म. हिरवा दिवासुद्धा लुकलुकला नाही. तुम्ही तेव्हा मला विचारलं होतंत, "पेनड्राइव्ह लावला की चालतो, मग हा का नाही?" मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण मी खाली वाकून वायर बघत होतो. उत्तर वर सांगितलं तेच: फर्मवेअर प्रिंटरपर्यंत पोचलंच नव्हतं.

बरं, प्लगिन टाकायचं तर तेही कुठलंही चालत नाही. तुमच्या उबुंटू 14.04 मध्ये एचपीलिपची 3.14.3 आवृत्ती आहे, प्लगिनही नेमकं 3.14.3 च लागतं. त्याच्या पुढचं मागचं दिलं की नाकारतं. एचपीलिपचं एचपी-सेटअप चालवलं की ते स्वतःच डाऊनलोड करू का विचारतं. मी हो म्हटलं, ते तीनदा अडकलं. 14.04 ला मिळणारे नेहमीचे अपडेट एप्रिल 2019 मध्येच संपलेत, त्या मशीनवर तुमचा ब्राउझरसुद्धा निम्म्या साइट्सना 'सुरक्षित नाही' म्हणत होता. शेवटी माझ्या मोबाईलवर फाईल उतरवली, माझाच डेटा, केबलने मशीनमध्ये टाकली आणि हाताने चालवली. तेव्हा तो प्रिंटर घुर्र करून जागा झाला आणि पहिलं पान आलं. तुम्ही टाळी वाजवली होतीत, काका. रिव्ह्यूमध्ये ती नाही.

आणि काम तिथे संपलं नव्हतं. तुमच्या नोटिशीचा खालचा 'सचिव' हा शब्द कापला जात होता. सही कुठे करायची तीच जागा गायब. कारण सेटिंगमध्ये कागद लेटर साइजचा होता आणि ट्रेमध्ये एफोर. लेटर उंचीला 279 मिलिमीटर, एफोर 297. तो 18 मिलिमीटरचा फरक नेमका सचिवांवर आला. हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं, मी बघितलं आणि दुरुस्त केलं, प्रिंटरमध्येही आणि नोटीस टाइप केलेल्या लिब्रेऑफिसमध्येही. त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. मग काकूंनी चहा आणला. चहाची दहा मिनिटं तुम्ही त्या तीन तासांत धरली असतील तर मात्र माझी चूक, मी नको म्हणायला हवं होतं.

आता दुसऱ्या दिवशीचं.

रात्री तुम्ही भिंतीवरचं बटण बंद केलंत, विजेची काळजी म्हणून. सकाळी आधी काँप्युटर लावला, नोटीस प्रिंटला दिली, आणि मग लक्षात आलं प्रिंटर बंद आहे. लिनक्सचं प्रिंटिंग सांभाळणारा भाग म्हणजे कप्स. त्याला प्रिंटर सापडला नाही की कधीकधी तो कंटाळून प्रिंटची रांगच थांबवतो. नंतर प्रिंटर चालू केला तरी रांग थांबलेलीच राहते, आपण कितीही वेळा प्रिंट दाबलं तरी. तिसऱ्या दिवशी मी आलो, ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट 631 (कप्सचं सेटिंगचं पान) उघडलं, 'रिझ्यूम प्रिंटर' दाबलं, आणि एकामागून एक 11 नोटिसा बाहेर आल्या. म्हणजे ड्रायव्हर ठीक होता, प्लगिन ठीक होतं, मी केलेलं काम शाबूत होतं. त्या फेरीचे मी एक रुपया घेतला नाही. रिव्ह्यू मात्र आहे तसाच आहे.

इथे माझंही चुकलं, ते लिहितो. आधी प्रिंटर लावायचा, अर्धा मिनिट थांबायचं, मग प्रिंट द्यायची, हे मी निघताना दारात चपला घालता घालता सांगितलं. ते बसून सांगायला हवं होतं. रांग थांबली तर काय दाबायचं हे तर दाखवलंच नाही. आता प्रिंटरच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवून आलोय, मराठीत.

फोनबद्दल. दुसऱ्या दिवशी 1:50 ते 2:15 मध्ये तुमचे सात मिस्ड कॉल होते. मी अंबडला एका कारखान्यात होतो, आत मोबाईल नेऊ देत नाहीत, तो गाडीच्या डिक्कीत होता. 2:40 ला बाहेर आल्यावर पहिला फोन तुम्हालाच लावला. तुमचा रिव्ह्यू तोवर आला होता, 2:20 ला. तीस मिनिटं वाट पाहिलीत, काका. मी तुमच्या डायऱ्यांसाठी चाळीस पाहिली होती.

हे शेवटचं वाक्य पुसणार होतो. राहू दे.

'विंडोज टाका' हे मी म्हणालो, नाकारत नाही. तिसऱ्यांदा डाऊनलोड अडकल्यावर तोंडातून निघालं. म्हणायला नको होतं, कारण तुमच्या 2 जीबी रॅमवर विंडोज धड चालणार नाही, आणि विंडोज 10 चे नेहमीचे अपडेटसुद्धा ऑक्टोबर 2025 मध्ये थांबलेत. पण 'लिनक्स येत नाही' हे मला मान्य नाही. चौदा वर्षं या गाळ्यात बसतोय. दोन वाचनालयांची आणि एका शाळेची लिनक्सची मशीन मी बघतो. तुमचा रिव्ह्यू पडल्यावर इंदिरानगरच्या एका क्लासवाल्यांनी, ज्यांची सहा मशीनची देखभाल मला मिळणार होती, फोन करून विचारलं, "तुम्हाला लिनक्स जमत नाही म्हणे?" त्यांना हे सगळं फोनवर कसं सांगणार? त्यांनी नंतर कळवतो म्हटलं. अजून कळवलेलं नाही.

माझे एकूण 41 रिव्ह्यू आहेत. मोठ्या दुकानाला एका स्टारने काही होत नाही. आमच्यासारख्याला होतं.

असो. सुधारणा करतोय. दरपत्रक दुकानात लावतो. मी बाहेर असताना दुकानातला मुलगा फोन घेईल अशी काहीतरी सोय करतोय. आणि लिनक्सचं काम घेताना पासवर्ड आहे का हे फोनवरच विचारून घेणार.

काका, 14.04 वर फार दिवस राहू नका. तुमचं मशीन 64 बिटचं आहे, त्यावर हलकं नवीन लिनक्स बसेल. चिरंजीवांना विचारा, ते हो म्हणाले तर मी डेटा काढून ठेवून ते बसवून देईन, त्याचे पैसे घेणार नाही. या प्रिंटरला तिथेही प्लगिन लागणारच आहे, ते आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुन्हा वेळ मोजला जाईल.

आणि त्या 11 नोटिसांवर उजवीकडे उभा फिकट पट्टा आला होता, तो लिनक्समुळे नाही. 12ए टोनर (शाईची पावडर) संपत आलाय. कार्ट्रिज काढून दोन-तीनदा आडवं हलवून लावा, मीटिंगपर्यंत निघेल. नंतर दुकानात घेऊन या, रिफिल करून देतो. त्याचे मात्र पैसे लागतील.