आत्याच्या नाकावरचा तीळ

आज सकाळी भावकीच्या ग्रुपवर पुन्हा तोच व्हिडिओ. चुना आणि पापडखार कालवून लावा, तीळ-चामखीळ आठ दिवसांत गळून पडेल. खाली 17 अंगठे. डोकंच फिरलं माझं. अरे, याच ग्रुपमध्ये आत्या आहे!

आत्याच्या नाकपुडीशेजारी मुगाएवढा काळा, चकाकता ठिपका आला तेव्हा तिनंही चुनाच लावला होता. खपली धरली, पडली, खाली पुन्हा ओलं. दुखत नव्हतं, म्हणून 4 वर्षं गेली. एका डॉक्टरांनी मलमाच्या ट्यूबवर ट्यूब दिल्या, पण तुकडा काढून तपासू या असं एकदाही म्हणाले नाहीत. तो राग अजून गेलेला नाही.

शेवटी बायोप्सी झाली. बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर. गोऱ्या लोकांचा आजार म्हणतात, पण आपल्या कातडीवर तो बहुतेकदा काळा होऊन येतो, म्हणून तीळच वाटतो. मान्य, प्रत्येक तीळ कॅन्सर नसतो. हेही मान्य की हा कॅन्सर अंगात दुसरीकडे क्वचितच पसरतो. पण जिथं असतो तिथं खणत जातो! जुने डॉक्टर त्याला रोडंट अल्सर म्हणायचे, उंदरानं कुरतडल्यासारखी जखम. चुन्यानं वरचं जळत होतं आणि आत आत्याच्या नाकाची कूर्चा, म्हणजे लवचीक मऊ हाड, कुरतडली जात होती. डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोचलंय का, ते बघायला सीटी स्कॅन केला. नव्हतं पोचलं. मी तिथंच बाकावर बसून रडले.

ऑपरेशनमध्ये नाकाची एक बाजू काढली. कापलेल्या भागाच्या कडांत कॅन्सर उरलाय का ते तिथल्या तिथे तपासलं, एक कड खराब निघाली, तिथून आणखी कापलं. मग कानाची कूर्चा आधाराला घेऊन कपाळाची कातडी खाली वळवली. त्या कातडीला रक्त मिळावं म्हणून ती भुवईपाशी जोडलेलीच ठेवतात. 3 आठवडे आत्या कपाळापासून नाकापर्यंतची ती पट्टी पदराआड लपवून बसली होती.

टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी गाडीवानाचं नाक पुण्याच्या माणसानं असंच कपाळाच्या कातडीनं बांधलं होतं. 1794 मध्ये लंडनच्या मासिकात ते चित्रासकट छापून आलं. आणि आपण आज चुना लावतोय?

काका, तुम्ही चांगल्या मनानंच टाकलात, माहीत आहे मला. पण काढा तो व्हिडिओ.

आत्ताच आत्याचा फोन आला. व्हिडिओबद्दल ती काहीच बोलली नाही. म्हणाली, "धाकट्या वहिनीच्या गालावर पण तसंच काळं आलंय बघ." उद्या दुपारी आम्ही तिघी स्किनच्या डॉक्टरांकडे जातोय.