ऑटोट्यूनला टायमिंग दिसत नाही

मॉडिफाइड गाड्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मतलब हाच: ‘स्टँडअलोन ईसीयू घ्या, आपल्या इंजिनचा बेस मॅप नेटवरून उतरवा, वाइडबँड लावा आणि ऑटोट्यून चालू करा. चार दिवस गाडी फिरवली की ती स्वतःच शिकते. एएफआर बरोबर आला म्हणजे इंजिन सेफ. नॉक सेन्सर आहेच सांभाळायला. तरीही त्रास दिला तर ईसीयू डिफेक्टिव्ह. डायनोवाल्याला पैसे कशाला?’

आधी शब्द: ईसीयू म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क ठरवणारा इंजिनचा कॉम्प्युटर, स्टँडअलोन म्हणजे मूळ ईसीयूच्या जागी बसवलेला. मॅप म्हणजे त्यातली आकड्यांची टेबलं, टेबलमधलं एकेक घर म्हणजे सेल. एएफआर म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, वाइडबँड ते एक्झॉस्टमध्ये मोजणारा सेन्सर, आणि ऑटोट्यून त्यावरून आकडे सुधारणारं सॉफ्टवेअर. नॉक म्हणजे पेट्रोल अवेळी आपोआप पेटून बसणारा ठोका. डायनो म्हणजे गाडी जागेवर फिरवून ताकद मोजणारं यंत्र.

मेगास्क्वर्ट, स्पीडुइनो अशा ईसीयू बोर्डांमुळे हे काम सामान्य माणसाच्या खिशात आलं, ही चांगलीच गोष्ट आहे. स्पीडुइनो तर आर्डुइनो मेगावर चालतो आणि नीट बसवला तर उत्तम चालतो. माझं भांडण बोर्डाशी नाही, या सल्ल्याशी आहे. त्यातलं एकेक वाक्य घेऊ.

‘आपल्या इंजिनचा बेस मॅप नेटवरून उतरवा’

बेस मॅप असतो तो इंजिन एकदाचं सुरू व्हावं आणि गाडी ट्रेलरवर चढावी एवढ्यासाठी. इंजिनचा कोड सारखा असला तरी इंजेक्टर, फ्युएल प्रेशर, कॅम, कॉइल आणि क्रँकचा ट्रिगर सारखे असतीलच असं नाही. शिवाय मॅप बनवणाऱ्याच्या गावचं पेट्रोल वेगळं, त्याचा ऑक्टेन (नॉकिंग टाळण्याची ताकद) वेगळा. अमेरिकेतल्या मॅपवर ‘91 ऑक्टेन’ लिहिलेलं पाहून आपल्याकडे लोक खूश होतात. तिथल्या पंपावरचा 91 म्हणजे आरओएन आणि एमओएन या ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धतींची सरासरी, आपल्या मोजमापात तो 95-96 आरओएनच्या आसपास जातो. ई-20 येण्याआधी बीएस-6 मध्ये साध्या पेट्रोलला ठरवलेला किमान 91 हा नुसता आरओएन होता, म्हणजे त्यांच्या हिशोबात साधारण 87. आकडा तोच, पेट्रोल चार-पाच पॉइंटांनी कमी. तसल्या पेट्रोलवर टर्बो इंजिनात तो मॅप जसाच्या तसा टाकून फुल रेस दिली तर पिस्टन वाचले ते नशीब.

पण त्याही आधीचा प्रश्न टायमिंगचा, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी स्पार्क पडतो याचा: मॅपमध्ये लिहिलेले 15 अंश क्रँकवर खरोखर 15 अंशच पडतात का? ईसीयूला पिस्टन दिसत नाही. त्याला दिसतो तो दातेरी चकतीवरून येणारा सिग्नल. 36-1 (36 दात्यांतला 1 गाळलेला) असेल, 60-2 असेल, जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटरमधला सेन्सर असेल. गाळलेल्या दातापासून टीडीसी (पिस्टनची सर्वांत वरची जागा) किती अंशांवर आहे, हे आपणच त्याला सांगतो. हा आकडा 8 अंशांनी चुकला तर स्पार्क टेबलमधला प्रत्येक सेल 8 अंशांनी चुकला, आणि लॅपटॉपवर मात्र सगळं सुरेख दिसतं.

म्हणून इंजिन सुरू झाल्यावर पहिलं हत्यार टायमिंग लाइट, लॅपटॉप नंतर. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग 10 किंवा 15 अंशांवर फिक्स करायचं, लाइट पुलीवर मारायचा आणि खूण जुळेपर्यंत ट्रिगर अँगल बदलायचा. मग रेस देऊन इंजिन 4,000 वर न्यायचं. खूण जागेवरून हलली नाही पाहिजे. आरपीएमबरोबर ती सरकत असेल तर व्हीआर सेन्सरच्या (चुंबकावर चालणाऱ्या क्रँक सेन्सरच्या) दोन वायरी उलट लागल्या आहेत का, ते आधी बघा. उलट्या वायरींवरही इंजिन सुरू होतं, आयडलला नीट चालतं, आणि वरच्या आरपीएमला सिंक (दात्यांची मोजणी) सुटून मिसिंग मारतं. मग लोक आठवडाभर फ्युएल टेबल चिवडत बसतात.

‘चार दिवस फिरवली की स्वतःच शिकते’

काय शिकते? ट्यूनरस्टुडिओ या ट्यूनिंग सॉफ्टवेअरमधलं व्हीई अ‍ॅनालाइज घ्या, नाहीतर दुसऱ्या कुठल्या कंपनीचं ऑटोट्यून घ्या. ते ठरवलेला एएफआर आणि मोजलेला एएफआर यांची तुलना करून फ्युएल टेबलमधले आकडे बदलतं. बस. स्पार्क टेबलला ते हात लावत नाही, कोल्ड स्टार्टला नाही, अ‍ॅक्सलरेशन एन्रिचमेंटला (रेस देताना मिळणाऱ्या जादा पेट्रोलला) नाही, इंजेक्टरच्या डेड टाइमलाही नाही. मात्र या सगळ्यांतल्या चुका ते फ्युएल टेबलमध्ये मुरवून टाकतं.

डेड टाइमचंच बघा. इंजेक्टरला करंट दिल्यापासून तो खरोखर उघडेपर्यंत साधारण एक मिलिसेकंद जातो, आणि बॅटरीचा व्होल्टेज पडला की हा वेळ वाढतो. आयडलला एकूण पल्स दोन मिलिसेकंदांचा असेल, तर त्यातलं निम्मंच पेट्रोल फवारण्यात जातं. सेटिंगमध्ये 0.2 मिलिसेकंदांची चूक असली तर आयडलला पेट्रोल 20 टक्के चुकतं, आणि वर 11 मिलिसेकंदांच्या पल्सला फक्त 2 टक्के. ऑटोट्यून आयडलचे सेल 14 व्होल्टवर ‘दुरुस्त’ करतं. मग संध्याकाळी हेडलाइट, एसी आणि फॅन एकदम लागतात, व्होल्टेज 12.5 वर येतो आणि गाडी सिग्नलला बंद पडते. टेबलमध्ये कितीही शोधा, दोष तिथे नाही.

उन्हाळ्यातला दुसरा नमुना. इनटेक एअर टेम्परेचरचा सेन्सर अ‍ॅल्युमिनियमच्या मॅनिफोल्डमध्ये ठोकलेला असतो. गाडी पेट्रोल पंपावर दहा मिनिटं बंद राहिली की मॅनिफोल्ड तापतो आणि सेन्सर 70 अंश दाखवतो, आत शिरणारी हवा असते 35-40 ची. स्पीड डेन्सिटीवर (दाब आणि तापमानावरून हवा मोजण्याच्या पद्धतीवर) चालणाऱ्या ईसीयूला वाटतं हवा विरळ आहे, तो दहा टक्क्यांच्या आसपास पेट्रोल कापतो. तेवढ्या वेळात ऑटोट्यून चालू असेल तर ते त्याच सेलमध्ये पेट्रोल वाढवून ठेवतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी रिच (पेट्रोल जास्त) चालते. सेन्सर हवेच्या पाइपमध्ये, उष्णतेपासून लांब बसवला की ही शिकवणी थांबते.

टर्बो लावलेल्यांनी फ्युएल प्रेशरकडे बघावं. मूळ गाडीत रेग्युलेटर टाकीतच आणि प्रेशर कायम 3 बार असेल, तर 1 बार बूस्टला (टर्बोच्या जादा दाबाला) इंजेक्टरच्या दोन टोकांतला फरक 2 बारच उरतो. फवारा दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चालतो, म्हणजे 18 टक्के पेट्रोल कमी. ऑटोट्यून टेबल फुगवत राहतं, इंजेक्टरची ड्यूटी (उघडा राहण्याचा वेळ) 90 टक्क्यांवर जाते, आणि पंप थकला त्या दिवशी वर चढायला जागाच नसते. वरच्या आरपीएमचे आकडे विनाकारण फुगलेले दिसले की प्रेशर गेज लावा.

‘एएफआर बरोबर आला म्हणजे इंजिन सेफ’

या सल्ल्यातलं सर्वांत महागडं वाक्य हे. वाइडबँड मोजतो तो लॅम्डा, म्हणजे एक्झॉस्टमध्ये उरलेल्या ऑक्सिजनचा हिशोब. गेज त्याला 14.7 ने गुणून दाखवतं. ई-20 पेट्रोलच्या एका भागाला प्रत्यक्षात हवेचे साधारण 13.5 भाग लागतात, तरी लॅम्डा 1 (हवा-पेट्रोल अगदी नेमकं) असताना गेजवर 14.7 च उमटतं. म्हणून टार्गेट लॅम्डामध्येच ठेवावं. ई-10 वर केलेला जुना ट्यून ओपन लूपमध्ये (सेन्सरची दुरुस्ती न घेता) ई-20 वर सुमारे 4 टक्के लीन (पेट्रोल कमी) पडतो, हेही यातच आलं.

सेन्सर ऑक्सिजन बघतो, आणि ऑक्सिजन चुकीच्या वाटेनंही येतो. हेडरच्या (एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या) गॅस्केटमधून बारीक लीक असलं तर आयडलला बाहेरची हवा आत ओढली जाते आणि काटा लीन दाखवतो. एक सिलेंडर मिसिंग मारत असलं तर त्यातलं न जळलेलं पेट्रोल सेन्सरला कळत नाही, न वापरलेला ऑक्सिजन तेवढा कळतो: परत लीन. ऑटोट्यून इमानदारीनं पेट्रोल वाढवतं, प्लग काळे पडतात, मिसिंग वाढतं, ते आणखी वाढवतं. आणि एका सेन्सरला चार सिलेंडरांची सरासरी दिसते. एक इंजेक्टर अर्धवट चोंदलेला असेल तर बाकी तिघांना रिच करून सरासरी जमवली जाते. लीन राहिलेल्या चौथ्याचा पिस्टन ग्रुपवर फोटोत दिसतो.

एवढं सगळं ठीक असलं, लॅम्डा अगदी हवा तसा 0.85 आला, तरी टायमिंग 6 अंश जास्त असेल तर इंजिन नॉकिंग मारणारच.

‘नॉक सेन्सर आहेच’

सेन्सर ब्लॉकला लावला म्हणजे नॉक कंट्रोल चालू झाला असं नाही. काही स्वस्त बोर्डांवर तो सिग्नल वाचणारं सर्किटच नसतं. असलं तरी त्याला फ्रिक्वेन्सी सांगावी लागते. ती बोरवर (सिलेंडरच्या व्यासावर) ठरते: 900 भागिले (पाय गुणिले बोरची त्रिज्या मिलिमीटरमध्ये). मारुतीच्या के-12 चा बोर 73, म्हणून 7.8 किलोहर्ट्झच्या जवळपास. त्यानंतर प्रत्येक आरपीएमला इंजिनचा स्वतःचा आवाज किती, हे सुरक्षित टायमिंगवर मोजून थ्रेशोल्ड (ज्याच्या वरचा आवाज नॉक धरायचा ती पातळी) बसवायचा. फोर्ज्ड पिस्टन थंडीत खडखडतात, सॉलिड माउंट आवाज वाढवतात. थ्रेशोल्ड खाली ठेवला तर ईसीयू विनाकारण टायमिंग मागे ओढतो, वर ठेवला तर खरं नॉकिंग त्याला ऐकूच येत नाही.

‘तरीही त्रास दिला तर ईसीयू डिफेक्टिव्ह’

क्वचित असतो. बहुतेक वेळा अर्थिंग असतं. सेन्सरांची ग्राउंड बॉडीला कुठेही जोडायची नाही, ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडलाच न्यायची. कॉइलची ग्राउंड इंजिन हेडवर. शील्ड केबलची जाळी एकाच टोकाला. सेल्फ मारताना ईसीयू रीसेट होतो आणि सेल्फ सोडल्यावर गाडी पकडते, अशी तक्रार असेल तर त्याचा सप्लाय क्रँकिंगला बंद पडणाऱ्या लाइनवरून घेतलाय का पाहा. आणि चावी लावताच कॉइल तापत असेल तर लगेच बंद करा: इग्निशन आउटपुट उलट सेट झालं आहे, कॉइल सतत चार्ज होत आहे. यात कॉइल जळते आणि बोर्डाच्या नावानं बोंब होते.

‘डायनोवाल्याला पैसे कशाला?’

क्रूझिंगचे सेल रस्त्यावर ऑटोट्यूननं छान भरतात, यात शंका नाही. पण 4,500 आरपीएम आणि फुल लोड यांच्या एका सेलमध्ये इंजिन काही सेकंद धरून ठेवायचं, टायमिंग एकेक अंश वाढवायचं आणि टॉर्क वाढायचा थांबला की तिथून मागे यायचं, हे एक्सप्रेस-वेवर कसं करणार? तिथे गाडी तो सेल क्षणात ओलांडून जाते, आणि टॉर्क मोजायला काही नसतंच. अर्थात डायनोही सगळे सारखे नसतात. नुसता जड ड्रम फिरवणाऱ्या इनर्शिया डायनोवर लोड धरता येत नाही, ब्रेक असलेल्यावर येतो. बुकिंग करताना भाव विचारण्याआधी हे विचारा.