गोठाच कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जुन्या गोठ्यात सामायिक साधनास्थळ उभं करण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. पडकी इमारत सावरत बसण्यापेक्षा ती पाडून नवा हॉल बांधावा, हा एक. आणि सगळ्या पंथांची म्हणवणारी जागा शेवटी कुणाचीच राहत नाही, हा दुसरा. दुसरा जास्त मोलाचा आहे, पण पहिल्याशिवाय त्याचं उत्तर देता येणार नाही.

काही इमारती पाडाव्याच लागतात. तुळया आतून पोखरलेल्या असतील, पाया खचला असेल, तर मायेपोटी माणसांचा जीव धोक्यात घालू नये. छपराला ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर हौशी हातांनी ते फोडू-कापू नयेत. त्याचे तंतू फुप्फुसात जातात आणि आजार कित्येक वर्षांनी वर येतो. पण भिंती खंबीर असतील तर पाडायची घाई कशाला? अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को झेन सेंटर या बौद्ध ध्यानसंस्थेने १९७२ मध्ये घेतलेल्या ग्रीन गल्च फार्मवर ध्यानगृह जुन्या कोठारातच आहे. व्हिएतनामी बौद्ध भिक्खू थिच न्हात हान यांचं प्लम व्हिलेज हे साधनाकेंद्र १९८२ मध्ये फ्रान्समध्ये जुन्या शेतवाडीच्या दगडी इमारतींत सुरू झालं. अर्थात दोन्हीकडे एकच परंपरा नांदते, म्हणून तुमच्या दुसऱ्या आक्षेपाला ही उदाहरणं पुरत नाहीत.

गोठ्याची खरी कसोटी भिंतीत असते. वर्षानुवर्षं गुरं बांधलेल्या जागी शेण-मुतातले क्षार भिंतीत मुरतात आणि हवेतला दमटपणा ओढून घेतात. छप्पर गळत नसलं तरी गव्हाणीमागची भिंत दमट हवेत काळपट, ओलसर दिसते. हवा कोरडी झाली की तिच्यावर पांढरा लोणा फुलतो. हात फिरवला की गिलावा पिठासारखा गळून पडतो. लोक त्यावर सिमेंट थापतात, वर ऑइलपेंट मारतात. मग कोंडलेली ओल वर चढते आणि लेपाच्या वरच्या कडेला पुन्हा फुटते. यावरचा उपाय संथ आहे. जुना गिलावा खरवडायचा, चुन्याचा मऊ गिलावा द्यायचा, क्षार त्यात उतरू द्यायचे, तो खराब झाला की काढून पुन्हा नवा द्यायचा. यात महिने जातात, आणि ते जावेत असंच मला वाटतं. जप करणारे, मौनात बसणारे, प्रार्थना म्हणणारे एकाच भिंतीपाशी खरवडायला बसले की जागा कुणाची हा प्रश्न हातांनीच सुटू लागतो.

शिवाय गोठ्यात आधीपासून कुणाचाच देव बसलेला नसतो. एका पंथाच्या प्रार्थनास्थळात बाकीचे कायम पाहुणे राहतात. इथे घरमालकच नाही. म्हणून सगळ्या धर्मांची चिन्हं भिंतीवर ओळीने लावण्याच्या मी ठाम विरोधात आहे. कुणीतरी राहून जातंच, आणि ज्याचं राहिलं त्याला ती भिंत रोज सांगते की तू यात नाहीस. भिंत कोरीच ठेवावी. ज्याने त्याने आपली वस्तू आणावी आणि बैठक संपली की कपाटात ठेवावी.

तरी तुमची शंका पोकळ नाही. झाडू कुणी मारायचा हे न ठरलेली सामायिक जागा लवकरच ओस पडते. किल्ल्या, दिवस, दुरुस्तीचा खर्च, एकाचं भजन आणि दुसऱ्याचं मौन एकाच वेळी आलं तर काय, हे पहिल्या बैठकीआधी कागदावर हवं. भांडणाचा निवाडा कोण करणार, असं तुम्ही विचारलंत. इमारत कुठल्याही एका गटाच्या नावावर नसावी, ती विश्वस्तांकडे असावी. लहान-मोठा न बघता प्रत्येक गटाला एकच मत असावं. आणि सोडून जाणाऱ्या गटाने घातलेले पैसे परत मागू नयेत, हे आधीच लिहून घ्यावं. शेवटच्या अटीवर सगळ्यात जास्त वाद होतो. माझ्या मते ती मान्य नसलेल्या गटाला सुरुवातीलाच नम्रपणे नाही म्हणावं.