‘गीतासार’ म्हणून फिरणाऱ्या मजकुराबद्दल

‘जे झाले ते चांगले झाले, जे होत आहे ते चांगलेच होत आहे, जे होईल तेही चांगलेच होईल. रिकाम्या हाताने आलास, रिकाम्या हातानेच जाशील.’ हा मजकूर भगवद्‌गीतेचा सार म्हणून पुन्हा फिरतो आहे. कॅलेंडरांवरही तो कृष्णार्जुनाच्या रथाखाली छापलेला दिसतो.

गीतेचे अध्याय १८, श्लोक ७००. सलग वाचायला काही तास पुरतात. या अर्थाचा श्लोक त्यांत नाही. उलट चौथ्या अध्यायात (४.७) श्रीकृष्ण धर्माला ग्लानी येते, अधर्म माजतो, असं स्पष्ट म्हणतात. सगळं चांगलंच होत असतं तर अवतार कशाला घ्यायचा? आणि रिकाम्या हातांचं म्हणाल तर १५.८ पाहा: वारा जसा फुलांचा गंध घेऊन जातो, तसा जीव मन आणि इंद्रियं सोबत नेतो. म्हणजे संस्कारांचं गाठोडं बरोबर असतंच.

वर्तमानात जगण्याबद्दल गीता बोलते, पण वेगळ्या अंगाने. २.४७ मध्ये अधिकार कर्मावर, फळावर नाही. आणि लगेच, कर्म टाळण्याची ओढही नको. हा शेवटचा चरण लोक हमखास गाळतात. १२.१७ मधला भक्त शोक करत नाही, हव्यासही धरत नाही.

मजकुराने कुणाला धीर मिळत असेल तर तो जरूर ठेवावा. फक्त ‘श्रीकृष्ण म्हणतात’ असं लिहून पुढे पाठवू नका. पाठवायचंच असेल तर २.४७ अख्खा पाठवा, श्लोक क्रमांकासह.