पाव, पाय आणि 'तुमच्यासारखे': एका प्रतिक्रियेला उत्तर

पॉश, गोल्फ, चेस, टी हे शब्द म्हणजे आद्याक्षरं जोडून बनलेले 'फुल फॉर्म' आहेत असं सांगणारा एक फॉरवर्ड फिरतो. तो खोटा आहे, आणि पाव हा शब्द पायावरून नव्हे तर पोर्तुगीजमधून आलाय, असा मी जो लेख टाकला होता त्याच्याखाली 'एक अस्सल गोमंतकीय' या नावानं एक कमेंट आलीय. दोन दिवस उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण ती कमेंट तीन जणांनी मला परत पाठवली, 'हे वाचलंस का' म्हणून, तेव्हा आता लिहितो. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी इथे देतो:

"लेख वाचला. सगळे फुल फॉर्म खोटे म्हणता, पुरावा काय? पॉशचा अर्थ माझ्या काकांनी बोटीवर नोकरी करताना स्वतः ऐकलेला. पाव पायानं मळायचे म्हणून पाव, हे आमच्या घरात लहान पोरालाही माहीत होतं. साबण तर अरबी शब्द आहे. आणि लोकांनी या गोष्टी का रचल्या याबद्दल लेखात एक ओळ नाही. खरं म्हणजे तुमच्यासारख्यांना मराठीतला प्रत्येक शब्द पोर्तुगीजांच्या दारात नेऊन सोडल्याशिवाय चैन पडत नाही. आधी अभ्यास करा, मग लिहा."

आधी साबणाचं. ते मान्य. अरबीत साबून आहे, पोर्तुगीजमध्ये साबांव आहे, दोन्हींचं मूळ लॅटिनच्या सापोपर्यंत जातं, आणि आपल्याकडे तो शब्द अरबी-फारसीच्या वाटेनं आला असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. लेखात मी तो इतर पोर्तुगीज शब्दांच्या रांगेत बसवला होता, तिथून काढतो. झालं?

आता 'तुमच्यासारख्यांना'. हा शब्द मी परत परत वाचला. माझ्यासारखे म्हणजे कोण हो? तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही तर नावसुद्धा दिलेलं नाही, फक्त 'अस्सल' एवढंच लिहिलंय, म्हणजे मी नक्कल असं समजायचं का? मतभेद असू द्या, 'पुरावा काय' असं विचारा, शंभर वेळा विचारा, पण गोव्यात राहून मराठीत लिहिणाऱ्या माणसाला असं म्हणताना थोडा विचार करायला हवा होता.

माझे आजोबा पणजीच्या लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज सरकारी शाळेत, शिकले, पोर्तुगीज त्यांना उत्तम यायचं, पण घरात संध्याकाळी दिवा लागला की ज्ञानेश्वरीच उघडायची. माझे काका सत्याग्रहात होते आणि त्यांनी पोर्तुगीजांचा तुरुंग भोगला, त्याबद्दल घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे पण आम्हां सगळ्यांना ते माहीत होतं. १९८७ साली राजभाषा कायदा झाला तेव्हा मराठीसाठी वडील रस्त्यावर होते. मी स्वतः एका दैनिकात मुद्रितशोधन करण्यात अर्धं आयुष्य घालवलं, ऱ्हस्वदीर्घासाठी संपादकांशी वाद घातले. तर पोर्तुगीजांनी इथल्या भाषांचं काय केलं ते मला शिकवू नका. १६८४ साली त्यांच्या व्हाइसरॉयनं, कोंद द आल्व्होरनं, इथल्या लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीजच बोलायची असं फर्मान काढलं होतं, हे मला चांगलंच ठाऊक आहे.

आणि तो 'तुरुंग' शब्द, ज्यात माझे काका बसले, तोसुद्धा पोर्तुगीजच आहे. त्रोंकु. मूळ अर्थ झाडाचं खोड, मग कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी खोडा, मग कैदखाना. आता हे सांगितलं म्हणजे मी त्यांची तारीफ केली का? ज्यांनी तुरुंग बांधले त्यांच्याकडून तुरुंगाचं नाव आलं, यात आपल्या भाषेला लाज वाटावी असं काय आहे? उलट तो इतिहासच आहे, शब्दात जपून राहिलेला, आणि तो लपवायचा तर मग लिहायचंच कशाला.

ज्या मोन्सेनिओर दालगादोंचा, म्हणजे शब्दांचे कोश करणाऱ्या पाद्रींचा, मी लेखात आधार घेतला ते काही लिस्बनहून आलेले साहेब नव्हते. सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो, बारदेशातल्या आसगावचे, जन्म १८५५. म्हापशाहून आसगाव किती लांब आहे ते तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही अस्सल आहात. या माणसानं १९१३ साली आशियातल्या भाषांमध्ये गेलेल्या पोर्तुगीज शब्दांवर ग्रंथ काढला. तुम्हाला एवढाच अर्धा भाग दिसतो. पण त्याच माणसानं १९१९ आणि १९२१ साली दोन जाड खंडांत उलटा हिशेबही मांडला, आपल्याकडून पोर्तुगीजमध्ये काय काय गेलं त्याचा. आंब्याला ते मांगा म्हणतात, तो शब्द मलबारातला. फणसाला झाका, तोही तिकडचाच. रश्श्याला कारील. आणि आज पोर्तुगालात कुणी आजारी पडलं की तांदूळ घालून कोंबडीचं पातळ सूप करून देतात त्याचं नाव कांझा, म्हणजे आपली दक्षिणेतली कांजी! त्यांच्या आजारपणातलं जेवण आपल्या नावानं ओळखलं जातं, आणि मी पोर्तुगीजांच्या दारात शब्द नेऊन सोडतो?

बरं, त्याच लेखात मी असंही लिहिलं होतं की गोवा जिंकणाऱ्या आफोन्स द आल्बुकेर्कनं हापूस ब्राझीलहून आणला ही जी गोष्ट सीझनमध्ये दरवर्षी फिरते ती खोटी आहे. आंबा इथलाच, ब्राझीलला तो पोर्तुगीजांनी नेला. काजू तिकडून इकडे आला, आंबा इकडून तिकडे गेला. हापूस हे नाव आफोन्सवरून पडलं आणि कलमं गोव्यात बांधली गेली एवढंच त्यातलं खरं. आल्बुकेर्क १५१५ सालीच वारला, गोवा घेतल्याला तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. म्हणजे जिथे पोर्तुगीजांना फुकटचं श्रेय मिळत होतं तिथे मी ते काढून घेतलं. ते वाक्य तुम्ही वाचलंच नाही, की वाचून सोडून दिलं?

आता पाव. घरात लहान पोरालाही माहीत होतं हे मी मान्य करतो, आमच्याही घरात माहीत होतं, पण सगळ्यांना माहीत असणं म्हणजे खरं असणं नव्हे. पहिली गोष्ट, मराठीत पायाला आपण पाय म्हणतो, पांव हिंदीतला. गोव्यातल्या माणसानं हिंदी शब्दावरून आपल्या रोजच्या खाण्याला नाव दिलं, आणि तेही पोर्तुगीज राज्यात, हे पटतं का तुम्हाला? दुसरी गोष्ट, पोर्तुगीजमध्ये भाकरीला पांवच म्हणतात, स्पॅनिशमध्ये पान, फ्रेंचमध्ये पँ, सगळे लॅटिनच्या पानिसचे. हा शब्द पोर्तुगीज गलबतं इकडे यायच्या कितीतरी आधी तयार होता, तेव्हा पीठ कुणी हातानं मळो की पायानं, शब्दाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आणि तिसरी गोष्ट मी मूळ लेखात लिहिली नव्हती, ती आता लिहितो. जपानमध्ये पाव-ब्रेडला आजही 'पान' म्हणतात. पोर्तुगीज तिथे १५४३ साली पोचले आणि शब्द ठेवून आले. जपानी भाषेत पांव म्हणजे पाय नाही, पाव म्हणजे चतकोरही नाही, तरी त्यांचा शब्द तोच. तुमच्या घरातली गोष्ट जपानला कशी लागू पडणार ते सांगा.

चतकोरवाल्यांचंही इथेच आटपून घेतो कारण त्यांचे दोन मेल आलेत. चार पाव एकत्र चिकटलेले असतात, त्यातला एक म्हणजे पाव, असं ते म्हणतात. पाव म्हणजे चौथा हिस्सा हा शब्द संस्कृत पादवरून आलाय, आणि पाय हा शब्दही पादवरूनच, म्हणजे पायवाले आणि चतकोरवाले दोघंही एकाच शब्दाच्या दोन पोरांना धरून भांडतायत, आणि पोदेराच्या, म्हणजे आमच्या पाववाल्याच्या, टोपलीतला पाव त्यांच्या घराण्यातलाच नाही. शिवाय आमच्याकडे पोदेर सायकलवर पों पों करत येतो तेव्हा त्याच्या टोपलीत उंडे असतात, पोळ्या असतात, कातरे पाव असतात, कांकणं असतात. उंडा सुटा आणि गोल असतो, चाराच्या लादीत नसतो. तो कुणाचा चौथा भाग?

विंदालूबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत म्हणून बरं वाटलं. तिथेही हाच प्रकार आहे, नावात आलू ऐकू येतो म्हणून लोक बटाटे घालतात, परदेशातल्या हॉटेलांत तर सर्रास. मूळ नाव व्हिन्य द आल्युश, म्हणजे वाइन आणि लसूण, आपल्याकडे वाइनच्या जागी माडाचा व्हिनेगर आला. त्यात आलू कुठेच नाही.

पॉशबद्दल. तुमच्या काकांनी बोटीवर ऐकलं असेल याबद्दल मला जराही शंका नाही. गोव्यातल्या कितीतरी घरांतली माणसं बोटीवर होती, आमच्याही शेजारी होती, आणि 'पोर्ट आऊट, स्टारबोर्ड होम' ही गोष्ट, म्हणजे हिंदुस्थानात येताना डाव्या बाजूची सावलीची केबिन, परत जाताना उजवी, पैसेवाल्यांच्या तिकिटावर तशी अक्षरं छापायचे म्हणे, ही गोष्ट त्यांनी ऐकलीच असणार. पण ऐकणं हा पुरावा आहे की ही गोष्ट सांगितली जायची, तशी तिकिटं होती याचा नाही. असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. पी अँड ओ या बोट कंपनीच्या कागदपत्रांतही त्याचा माग नाही. पॉश हा शब्द छापील इंग्रजीत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आला आणि हा फुल फॉर्म लिहिलेला दिसतो तो १९३०च्या दशकात, म्हणजे शब्द आधी रुळला आणि त्याची जन्मकथा मागाहून आली.

आणि हेच सगळीकडे आहे. आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची पद्धत मुळात विसाव्या शतकातली, सैन्य, सरकारी खाती आणि शास्त्रज्ञ यांनी रूढ केलेली. रडार, लेझर हे खरोखर तसे बनले. इंग्रजीत 'ॲक्रोनिम' हा शब्दच १९४०च्या दशकात रुळला. त्याच्या आधी आद्याक्षरांचा चाळा नव्हता असं नाही, ओके हा १८३९ सालच्या बोस्टनच्या वर्तमानपत्रातल्या 'ऑल करेक्ट'च्या मुद्दाम केलेल्या चुकीच्या स्पेलिंगमधूनच आला, पण तो अपवाद, आणि त्याला तारखेसकट छापील कागद आहे. मग १४५७ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटनं ज्या गोल्फवर बंदी घातली त्याचा 'जंटलमेन ओन्ली लेडीज फॉरबिडन' असा फुल फॉर्म कसा असेल? चेसचा फुल फॉर्म 'चॅरिअट, हॉर्स, एलिफंट, सोल्जर' असा सांगतात, त्याचं तर आपल्यालाच वाईट वाटायला हवं, चतुरंगात खरंच रथ, घोडा, हत्ती, पायदळ होतं, खेळ आपला, पण चेस हा शब्द फारसीतल्या शाहवरून, जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत गेला.

टीचं तर पोर्तुगीज लोकांनीही केलंय, हे तुमच्या माहितीसाठी. त्यांच्याकडे गोष्ट सांगतात की ब्रगांझाची कातारीना लग्न होऊन इंग्लंडला गेली तेव्हा चहाच्या पेट्यांवर 'ट्रान्सपोर्ते द एर्वास आरोमातिकास' असं लिहिलेलं होतं, त्याची आद्याक्षरं टी-ई-ए, म्हणजे इंग्रजी टी. ती गेली १६६२ साली, हीच ती राजकन्या जिच्या आंदणात मुंबई गेली. आणि लंडनच्या सॅम्युएल पीप्सनं १६६० सालीच डायरीत चहा प्यायल्याचं लिहून ठेवलंय, तोच शब्द वापरून. तो चिनी शब्द, डचांच्या मार्गानं इंग्रजांकडे गेला. पोर्तुगीज स्वतः चहाला शा म्हणतात, आपल्या चहाच्या जवळचं. बघा, मी पोर्तुगीजांची गोष्टही खोटीच म्हणतोय. पुरावा नसेल तर गोष्ट कुणाची आहे ते मी बघत नाही.

लोकांनी या गोष्टी का रचल्या, यावर एक ओळ नाही ही तुमची तक्रार. तो लेखाचा विषयच नव्हता. कधीतरी वेगळं लिहीन, आत्ता त्यात शिरत नाही.

'आधी अभ्यास करा' याबद्दल एवढंच, की दालगादोंचे खंड मी पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत बसून, वही घेऊन वाचलेत, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती माझ्या घरात आहे, पुठ्ठा निखळला तेव्हा मीच परत शिवून घेतलीय. तुम्ही काय वाचलंत ते कमेंटमध्ये कुठेच नाही. घरात काय बोलायचे एवढंच आहे. माणसानं दुसऱ्याला अभ्यास करायला सांगावं, जरूर सांगावं, पण आपलं एक तरी पुस्तक समोर ठेवून.

तुमची कमेंट मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. पुढच्या वेळी नाव घालून लिहिलंत तर जास्त आवडेल, आणि माझ्या घराबद्दल काही माहीत नसताना 'तुमच्यासारखे' असं पुन्हा लिहू नका, ते मला लागलंय. काकांच्या बोटीवरच्या पेटीत जुने कागद असतील तर ते मात्र खरंच बघा. तारखेसकट तशी अक्षरं छापलेलं तिकीट निघालं तर फोटो पाठवा, मी त्याच दिवशी लेखाच्या अगदी वर लावतो.