गळ्यात हेडफोन घातला की झाला गीक?

"बाय, यंदा तुझा रोल एकदम वेगळा. मागच्यासारखा नर्ड नाही गो, गीक आहे, गीक!"

गावच्या जत्रेतल्या नाटकाच्या दिग्दर्शकदादांचा फोन, सकाळी सव्वासातला. मी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, दादा, फरक काय दोघांत? पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "गळ्यात हेडफोन."

संपला विषय. बाकी सगळं तेच. जाड काळा चष्मा, मधोमध चिकटपट्टी, तेल थापलेल्या दोन वेण्या, छातीशी पुस्तकांचा गठ्ठा आणि दर वाक्याला नाक वर ओढायचं. सहा वर्षं मी हेच करतेय. पालखी देवळात परतते, मध्यरात्र उलटल्यावर पडदा वर जातो, मी पायात पाय अडकून पडते आणि पार खाज्यांच्या दुकानांपर्यंत हशा. लेखकाला वाक्य लिहायचेसुद्धा कष्ट नाहीत.

आणि तो तिसरा अंक! नायकाने माझा चष्मा काढायचा, वेण्या सोडायच्या आणि सगळ्यांनी "अगोबाई, ही तर सुंदर!" म्हणून थक्क व्हायचं. अहो, माझा नंबर उणे साडेसहा आहे. चष्मा काढला की मला नायकही दिसत नाही आणि विंगही दिसत नाही. गेल्या वर्षी सुंदर झाल्या झाल्या मी सरळ तुळशीवृंदावनावर जाऊन आदळले. पुठ्ठ्याचं होतं म्हणून वाचले. त्यालाही टाळ्या.

हसा ना! मला हसवायला आवडतं, म्हणून तर दरवर्षी तालमीला मरायला जाते. पण कशाला हसताय ते तरी बघा. पुलंचा सखाराम गटणे घ्या. छापील मराठी त्याच्या तोंडून जशीच्या तशी बाहेर पडते, तिथे हसू येतं, आणि हसता हसता त्या पोरासाठी जीवही तुटतो. गटण्याला चिकटपट्टी लागली नाही.

बरं, हे दोन्ही शब्द उसने आणलेत, तर निदान नीट वापरा. 'नर्ड' छापून आला १९५० साली, अमेरिकेतल्या डॉ. स्यूस यांच्या मुलांच्या पुस्तकात. तिथे तो काल्पनिक प्राणिसंग्रहालयातला एक प्राणी होता. पुढच्याच वर्षी डेट्रॉईटकडची पोरं कंटाळवाण्या माणसाला नर्ड म्हणतात, अशी नोंद एका साप्ताहिकात आली. 'गीक'ची कुंडली तर त्याहून भारी. मूळ अर्थ खुळा, आणि अमेरिकेतल्या जत्रांमध्ये जिवंत कोंबडीची मुंडी दाताने तोडून दाखवणाऱ्याला गीक म्हणायचे. म्हणजे गीक मुळात जत्रेतलाच! हे मी दादांना सांगितलं. ते म्हणाले, "कोंबडी नको गो, देवळासमोर नाटक आहे."

आज लोक साधारण असा भेद करतात: नर्ड अभ्यासात बुडालेला, चार माणसांत अवघडणारा, गीक एकाच गोष्टीने झपाटलेला आणि ते न लपवणारा. रेषा काही पक्की नाही, मान्य. पण आमच्याकडे शब्दांचा दुष्काळ होता का? परीक्षेपुरता पाठ करणारा तो घोकंपट्टीवाला. पुस्तकातून डोकं न काढणारा तो पुस्तकी किडा. सगळं शिकून, कळूनही वेड्यासारखा वागणारा तो पढतमूर्ख. समर्थांनी दासबोधात साध्या मूर्खाहून त्याचा समास वेगळा ठेवलाय. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्यांना हा फरक कळत होता, त्यांच्या भाषेत नाटक करताय आणि तुमच्याकडे सगळ्यांना मिळून एकच चष्मा?

आणि गीक आमच्या गावात ढिगाने आहेत. साळगावकर-धेंपोच्या जुन्या मॅचमधले गोल मिनिटासकट सांगणारे फुटबॉलवेडे आहेत. एक आजोबा आहेत. 'मानापमान' १९११ साली आलं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, इथून जे सुरू होतात ते कोण गायक कुठली तान कुठे घ्यायचा, यावर पहाट करतात. अस्सल गीक! पण त्यांना आम्ही 'दर्दी' म्हणतो आणि पहिल्या रांगेत खुर्ची देतो.

मला मात्र रेल्वेचं वेड, तर "पोरीच्या जातीला काय ही भलतीच आवड!" कुळें ते कॅसलरॉक हा घाट १:३७ चढाचा आहे हो. म्हणजे सदतीस मीटर पुढे जाताना गाडी एक मीटर वर चढते. म्हणून कुळ्याला जादा इंजिनं लागतात. मग सोनावळी, दूधसागर, करंझोळ... १८८८ पासून त्या डोंगरात गाड्या चढताहेत आणि लोक दूधसागर आला की धबधब्याचे फोटो काढतात, इंजिनाकडे ढुंकून बघत नाहीत! असो. हे सांगताना माझे हातवारे सुरू होतात, आवाज चढतो, समोरचा घड्याळ बघतो ते मला दिसतं तरी मी थांबत नाही. करा की यावर विनोद! मी स्वतः लिहून देते. पण नाही. त्यांना चष्माच हवा.

शिवाय हा रोल रंगमंचावर संपत नाही ना. ऑफिसात प्रिंटर अडला की हाक मला. मी हिशेब बघते. प्रिंटरशी माझा संबंध कागद ओढून काढण्यापुरता. "पण तू चष्मेवाली ना, बघ जरा." शेजारच्या काकूंचा मोबाईल, मावसभावाचं वायफाय, सोसायटीच्या अध्यक्षांचा पासवर्ड. जे कळत नाही ते सगळं माझ्याकडे, आणि जे कळतं ते ऐकायला कुणी नाही.

हे सगळं मी दादांना फोनवरच बोलून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "मस्त! हेच असं बडबडायचं स्टेजवर, हेडफोन घालून." मग ठेवता ठेवता, "आठला तालीम. आणि येताना संहितेच्या बारा प्रती काढून आण गो, तुझ्याकडे प्रिंटर आहे ना."

चवथीपासून बंद पडलाय तो.