उपकर कसला, उपकारच म्हणा!

सरकार म्हणतं, काटकसर करा! आणखी किती? फॉर्म १६ (पगारातून किती आयकर कापला, त्याचा दाखला) उघडा. आधी कर, आणि त्याखाली गुपचूप बसलेली ओळ: त्याच करावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर. म्हणजे कर भरला म्हणून वर दंड? २००४ मध्ये हा उपकर २ टक्के होता, फक्त शिक्षणाचा. २००७ मध्ये ३, २०१८ पासून ४. ओसरी दिली, हातपाय पसरले! (राज्यांना यातला वाटाही मिळत नाही, बरं का.) मग मुलांची फी कोण भरतं? मीच. दवाखान्याचं बिल? मीच. सरकारने काढलेल्या कर्जावरचं व्याज? अहो, विचारताय काय, तेही माझ्याच खिशातून! आता श्वासावरही लावा एकदाचा. पावती तेवढी द्या.